गंगेच्या घाटावर मारलेली हाक

आमच्या घरात नवऱ्याला अण्णा म्हणतात हे कळलं की इलेक्ट्रॉनिक सिटीत माझ्या मुलीकडे येणाऱ्या पुण्याच्या मैत्रिणी तोंडावर हात ठेवून हसतात. हसू देत. चामराजपेटेत आमच्या कितीतरी पिढ्या गेल्या. थोरल्या भावाला अण्णा म्हणायचं ही इथली कानडी रीत, आणि एकदा घरात कुणी अण्णा झाला की तो गल्लीचाही अण्णा होतो. मीही हे समोर असले की अहो आणि लांब असले की अण्णा, अशीच हाक मारत आले.

गोम वेगळीच आहे. हे घरातले थोरले नव्हेत. थोरला दुसरा होता. तो चौदाचा आणि हे नऊ वर्षांचे असताना घरची मंडळी श्रीरंगपट्टणला संगमावर गेली होती. ह्यांची एक चप्पल पाण्यात वाहून चालली. ह्यांनी रडून सांगितलं, "अण्णा, माझी चप्पल!" आणि तो कावेरीत उतरला. चप्पल दुसऱ्या दिवशी खाली कुठेतरी सापडली. तो सापडला नाही.

सासूबाईंचं म्हणणं एकच होतं, जो सापडला नाही तो गेला असं म्हणायचं कसं? त्यांनी त्याच्या नावानं कधी तिळपाणी देऊ दिलं नाही. आणि पंधरा दिवसांच्या आत त्या धाकट्यालाच अण्णा म्हणायला लागल्या. बाईचं मन राहतंय ना, मग राहू दे, असं म्हणून बाकीच्यांनीही तीच हाक उचलली.

हे त्या हाकेला ओ देत राहिले. थोरल्याला गणित आवडायचं म्हणून ह्यांनी चित्रं काढणं सोडून गणित धरलं आणि जन्मभर शाळेत तेच शिकवलं. तो वांगं खायचा नाही, म्हणून ह्यांच्या पानात वांगं पडलं नाही. एवढं करूनही पाण्याची भीती मात्र ह्यांची स्वतःचीच राहिली. आंघोळीची बादली कधी अर्ध्याच्या वर भरली नाही. हे सगळं मला लग्नानंतर आठ वर्षांनी कळलं, आणि वाईट वाटण्याच्या आधी राग आला. मी संसार करत होते तो कुणाशी? सासूबाईंवर तर मी मनातल्या मनात इतकी भांडले आहे की समोरासमोर तेवढं भांडायला तीन जन्म लागले असते.

गेल्या वर्षी त्या गेल्या. महिना उलटल्यावर मी ठरवलं, थोरल्याला आता पाणी द्यायचं आणि माझा माणूस सोडवून आणायचा. कावेरीचं नाव काढलं की हे उठून बाहेर जायचे, म्हणून गंगा. कोलकात्याहून काशीकडे वर जाणारी सहलीची बोट होती, नऊ दिवसांची.

"आई, अण्णांना बोटीवर नेतेस?" मुलगी फोनवर ओरडली. "ते येलहंकाच्या तळ्याकाठीसुद्धा उभे राहत नाहीत!"

ह्यांना विचारलं तर म्हणाले, "सरी." म्हणजे बरं, तेवढंच. मला वाटलं होतं महिनाभर समजूत घालावी लागेल.

पहिले दोन दिवस हे खोलीच्या दाराशी, पाण्याकडे पाठ करून बसले. तिसऱ्या दिवशी खुर्ची वळवली. त्या दुपारी जेवणात वांग्याचे तळलेले काप होते. ह्यांनी एक उचलला, खाल्ला, आणि म्हणाले, "बरंय की. स्वल्प अजून वाढ." मी ताटात बघत बसले. डोळे भरून आले होते आणि ते ह्यांना दिसू द्यायचे नव्हते. चौथ्या दिवशी ह्यांनी नाश्त्याच्या कागदी रुमालावर एका होडीचं चित्र काढलं. होडी वाकडी होती, पण मी तो रुमाल पर्समध्ये ठेवला.

पाचव्या दिवशी सकाळी बोट एका लहान गावाला लागली. बाकीचे प्रवासी देवळं बघायला गेले. आम्ही दोघं घाटावर थांबलो. तीळ मी घरूनच आणले होते, आणि चामराजपेटेतल्या भटजींनी सगळं नीट सांगितलं होतं. तीन ओंजळी पाणी द्यायचं, मग वर चालत यायचं, मागं वळून पाहायचं नाही. आणि कुणी हाक मारायची नाही. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं.

हे गुडघाभर पाण्यात उतरले. नऊ वर्षांचे होते तेव्हापासून प्रथमच. मी वरच्या पायरीवरून बघत होते. गोत्र म्हटलं, नाव म्हटलं, एक ओंजळ, दुसरी, तिसरी. आवाज कापला नाही. मग वळले आणि पायऱ्या चढायला लागले, सावकाश, मान खाली घालून. इतकं सोपं होतं हे, मला वाटलं, इतकी वर्षं उगाच घालवली.

तेवढ्यात बोटीचा भोंगा वाजला. मंडळी परतलेली दिसत होती. मी बोटीकडे बघत हात हलवला आणि घाईघाईनं, जशी रोज स्वयंपाकघरातून मारते तशीच हाक मारली, "अण्णा, चला लवकर!"

"ओ," उत्तर आलं.

मी वळून बघितलं तेव्हा हे तिसऱ्या पायरीवर थांबले होते. तोंड नदीकडे होतं. जित्याची खोड म्हणतात ती ही. भटजींनी दोनदा बजावलं होतं, ह्यांनी एकही चूक केली नाही, आणि जीभ घसरली ती माझी. मी खाली जाऊन हाताला धरून ह्यांना वर आणलं. हात गार होता.

बोटीवर चहा आला, निवून गेला. मी म्हटलं, "चुकलं माझं. पण तुम्ही ओ का दिलीत? गप्प राहायचं होतं."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "मी कुठे दिली?"

"मी ऐकली."

"मीही ऐकली," हे म्हणाले, "म्हणून तर वळलो."

पुढचे चार दिवस ह्यांनी खुर्ची पाण्याकडेच ठेवली, पण आता हे नदी बघत नव्हते, वाट बघत होते. काशी आली, गेली. आम्ही विमानानं घरी आलो.

ज्याला निरोप द्यायला मी ह्यांना एवढ्या लांब नेलं, त्याला मीच हाक मारून बोलावलं. ही गोष्ट मी मुलीलाही सांगितलेली नाही. आता घरात मी ह्यांना हाक मारत नाही. भाजी जळत असली तरी गॅस बंद करते, हात पुसते, ह्यांच्या खोलीत जाते आणि खांद्याला हात लावून सांगते. हाक मारायची म्हणजे ओ येणार, आणि ती कुठल्या खोलीतून येईल ते मला माहीत करून घ्यायचं नाही.