सरळ धूर

अमेरिकेच्या आयकर खात्यावर जिवापाड माया करणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो इथे अमेरिकेत, ट्रॉय गावात, माझ्या शेजारी राहतो. मोटारीच्या कंपनीतून निवृत्त झालेले हे काका. घराची ऊब टिकवणाऱ्या सुधारणांवर करसवलत मिळते, मात्र तिला दर वर्षाची मर्यादा असते, हे कळल्यापासून त्यांनी घर वर्षावर्षाने सुधारायला घेतले. एका वर्षी दोन खिडक्या, पुढच्या वर्षी मागचे दार. परिणामी त्यांचे घर अर्धी कवळी बसवलेल्या माणसासारखे हसते. काकू कुडकुडत कुरकुरल्या, तर काका म्हणत, "अगं, एवढा डिसेंबर स्वेटर घाल. जानेवारीत नवीन लिमिट सुरू होतं!"

फटी शोधायला ते पेटती उदबत्ती घेऊन कोणाच्याही घरी शिरत. धूर वाकला की तिथे फट. आमच्या सत्यनारायणाला त्यांनी देवापुढचीच उदबत्ती उचलली आणि थेट आईच्या खोलीत गेले.

"अरे, सगळी ऊब छतातून चाललीय. छपरावरचं बर्फसुद्धा त्यानंच वितळतं तुझ्या. पोटमाळ्यावर इन्सुलेशनचं अस्तर घाल."

चारचौघांत मी म्हणालो, "काका, कधी देवालाही उदबत्ती लावता का?"

सगळे हसले. काकाही हसले. "देवाला गारठा लागत नाही रे. तुझ्या आईला लागतो."

ते वाक्यही मी हसण्यावारी नेले, याची आज लाज वाटते.

पुढे ती सवलतच वर्षअखेरीस बंद होणार असे जाहीर झाले. काम त्याआधी पुरे व्हायला हवे होते, आणि मी जागा झालो तेव्हा एकही कारागीर मोकळा नव्हता. काकांचाही पोटमाळाच तेवढा उरला होता. त्याची तारीख त्यांनी उन्हाळ्यातच धरून ठेवली होती. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्यांचे कारागीर माझ्या दारात उभे राहिले. मी गोंधळून फोन केला.

"स्लॉट तुला ट्रान्सफर केलाय," काका म्हणाले. "घरात म्हातारं माणूस आहे तुझ्या."

"तुमच्या घरात दोन आहेत, काका."

"कानटोप्याही दोन आहेत."

काम झाल्यावर ते उदबत्ती घेऊन आले. आईच्या खोलीत धूर ओळंब्यासारखा सरळ उभा राहिला. "पास!" ते म्हणाले. मी क्षमेची वाक्ये जुळवून ठेवली होती, तोंडून एवढेच निघाले, "काका, चहा घेणार ना?"

"आलं घाल," ते म्हणाले.

हल्ली सकाळी आई, शाल न पांघरता, देवापुढे उदबत्ती लावते. मी हात जोडतो आणि नजर खिडकीबाहेर जाते. साऱ्या गल्लीतल्या छपरांवर बर्फ जसेच्या तसे असते. फक्त काकांच्या छपरावरचे वितळू लागलेले असते.