ठिपका नसलेली कोळंबी

कल्पना करा, तुम्ही तळ्याच्या काठावर उकिडवे बसला आहात. दोरी ओढून पाण्यातला जाळीचा ट्रे वर काढायचा आणि टाकलेलं खाद्य कोळंबीनं खाल्लंय का ते बघायचं. रोज ट्रे रिकामा येतो. आज खाद्य तसंच आहे. तळाशी असणारी कोळंबी भर उन्हात काठाला येऊन थांबली आहे, हलत नाही. बगळे मात्र तुमच्या आधीच येऊन बसलेत.

धुळा असाच बसला होता. मूळचा म्हसवडकडचा मेंढपाळ. कळप विकून तो आणि बायको बयाबाई सांगलीजवळ दिग्विजय नावाच्या तरुण शेतकऱ्याच्या दोन तळ्यांवर राखणीला आले होते. त्या खारपड रानात ऊसही येत नव्हता, म्हणून त्यानं तळी खणून कोळंबी सोडली होती.

"आवं, ह्यांची लोकर कवा कातरायची?" बयाबाई त्याला चिडवायची.

आज ती बगळे हाकत होती. धुळानं एक कोळंबी उजेडाला धरली. कवचावर पांढरे ठिपके. अंगठ्यानं पुसले, पण जाईनात. ते आतून आले होते.

दिग्विजय परगावी, फोन लागेना. कळपात साथ शिरली की धुळाचा बाप धडधाकट मेंढरं निवडून दुसऱ्या रानात हाकायचा. धुळानं तेच केलं. जाळ्यात आलेली एकेक कोळंबी उन्हात पारखली. ठिपक्याची टाकून दिली, स्वच्छ असलेली बादलीतून दुसऱ्या तळ्यात सोडली.

दिग्विजय आला तोवर पहिलं तळं मेलं होतं.

"मामा, दुसरं वाचलं तर आपुन हितं टिकलो. न्हाईतर तुमी म्हसवडला, मी पुण्याला."

धुळानं बादलीचं सांगितलं. दिग्विजय दुसऱ्या तळ्याच्या काठाशी गेला. "ठिपकं नंतर उमटत्यात वं. विषाणू आधीच आत असतोय."

त्यानंतर धुळा दुसऱ्या तळ्यावरून हललाच नाही. एका सकाळी पहिल्या तळ्यावरचे बगळे उठले, आवाज न करता बांध ओलांडून दुसऱ्या तळ्याच्या काठावर ओळीनं बसले. पाणी नितळ होतं. धुळानं ट्रे ओढला. खाद्य तसंच.

बयाबाई बोचकं बांधायला लागली. तळ्यांत जंतुनाशक पडलं, मेलेल्या कोळंबीचा वास गेला, बगळेही गेले. निघायचा दिवस आला तरी धुळा काठावर रिकामा तळहात उन्हात धरून निरखतो.

"मी एकेक बघितली हुती रं," तो दिग्विजयला म्हणतो. "उजेड आरपार दिसायचा. मग त्यो बसला हुता कुठं?"