ओकेमामांच्या हिरव्या टिकल्या

शिड्यांच्या कारखान्यात त्यांना सगळे ओकेमामा म्हणत. काम म्हटलं तर सोपं. घडीची शिडी उघडायची, तिसऱ्या पायरीवर चढायचं, दोनदा अंगाचा हादरा द्यायचा, शिडी उघडी धरून ठेवणारी बाजूची खिट्टी दाबून बघायची आणि मगच पायावर ‘ओके’ छापलेली हिरवी गोल टिकली चिकटवायची. मामांचं वजन ऐंशी किलो. मालक पाहुण्यांना सांगत, “मी माणूस नाही, वजनाचं माप ठेवलंय.”

एकोणीस वर्षं एकच शब्द चिकटवल्यावर तो तोंडालाही चिकटतो. घरी मामी म्हणाल्या, नळ गळतोय, की मामा म्हणत, ओके. म्हणजे ऐकलं. मेव्हण्यानं रविवारी येतो म्हटलं की ओके, म्हणजे आता नाइलाज आहे. डॉक्टरांनी गुडघा कसा आहे विचारलं की ओके, म्हणजे विचारू नका. मुलीनं स्वतःच मुलगा पसंत केला, तेव्हा मामा पाऊण तास खिडकीबाहेर बघत बसले आणि मग ओके म्हणाले. त्यात काय काय होतं ते मुलीला बरोबर कळलं, आणि ती रडली.

“तुमचा ओके समजायला मला अकरा वर्षं लागली,” मामी म्हणत. “आणि नळ अजून गळतोय.”

कारखान्यात मात्र त्या शब्दाला एकच अर्थ होता. हिच्यावर माणूस उभा राहू शकतो.

आता मामांची एक युक्ती होती. दर शिडीमागे थांबून टिकलीचा कागद नखानं सोलायचा म्हणजे जीव जातो. म्हणून घाईच्या दिवसांत ते सकाळीच सगळ्या शिड्यांना टिकल्या लावून टाकत आणि मग एकेकीवर चढत. एखादी नापास झाली तर टिकली खरवडायची. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

त्या मंगळवारी एकतीस शिड्या टिकल्या लावून भिंतीला टेकल्या होत्या. गुडघा ठणकत होता. जेवून चढू, असं म्हणून मामा डबा उघडून बसले. परत आले तर भिंत रिकामी. टेम्पोवाल्यानं टिकल्या बघितल्या आणि माल भरून निघाला. मामा लंगडत फाटकापर्यंत गेले. टेम्पो पुढच्या सिग्नलला थांबला होता. एक हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण हाक मारायची म्हणजे का मारली ते सांगावं लागलं असतं, तेही सगळ्यांसमोर.

“ओके,” मामा स्वतःशीच म्हणाले आणि आत आले.

नऊ दिवसांनी एक शिडी परत आली. छत रंगवताना तिची खिट्टी सटकली होती. रंगारी पडला होता. मनगट मोडलं, दोन बरगड्याही गेल्या.

मालकांनी मामांना आणि रिव्हेट मारणाऱ्या ताईंना बोलावलं. खिट्टीचं रिव्हेट हातानंही हलत होतं.

“ताई, हे तुमच्या मशीनचं,” मालक म्हणाले.

“सैल बसतं मालक कधीतरी, नाही म्हणत नाही. म्हणून तर मामा आहेत.” ताई मामांकडे वळल्या. “मामा, तुम्ही चढला होता ना हिच्यावर?”

“टिकली आहे की,” मामा म्हणाले.

त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि तेच त्यांना नंतर जास्त लागलं.

“म्हणजे तपासताना तग धरला आणि नंतर सुटलं,” मालक म्हणाले. “कच्चं काम. ताई, उद्यापासून मशीनवर बसू नका. पुढचं बघू.”

संध्याकाळी मामींनी ताट वाढता वाढता विचारलं, “चेहरा असा का झालाय?”

“ओके.”

मामींनी हातातलं भांडं खाली ठेवलं. “हा नवा दिसतोय,” त्या म्हणाल्या. ताईंचा चेहरा मामांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता, आणि उरलेल्या तीस शिड्या कुठे कुठे उभ्या असतील, त्यांच्यावर कोण कोण चढलं असेल, हेही.

सकाळी ताई आपला एप्रन न्यायला आल्या. मालक तिथेच होते. मामांनी चपलाही न काढता सांगून टाकलं. टिकल्या आधी लावल्या. चढलो नाही. हिच्यावर नाही आणि बाकीच्या तिसांवरही नाही. टेम्पो समोर दिसत होता, तरी थांबवला नाही.

“मामा,” मालक म्हणाले, “माझ्या घरातली शिडीसुद्धा मी तुमची टिकली बघून नेलीय.”

मामांनी ताईंकडे बघायचं धाडस केलं. वाटलं होतं, निदान हायसं वाटलेलं दिसेल.

“काल का नाही बोललात?” ताई म्हणाल्या. “काल घरी जाऊन मी लेकीला सांगितलं, माझ्या हातून माणूस पडला. ती म्हणाली, आई, नीट बघून करत जा ना. सात वर्षांची आहे.” त्यांनी एप्रन बांधला. “रिव्हेट सैल होतं, ते माझं. पण कालचा दिवस तुमचा.”

आणि त्या मशीनवर जाऊन बसल्या.

मालकांनी दुकानांची यादी मामांपुढे टाकली. “तुम्हीच फोन करा. काय झालं तेही तुम्हीच सांगा.”

पहिला दुकानदार हसला. “टिकल्या आहेत की सगळ्यांना.”

“मीच लावल्यात. चढलो नाही. एकही विकू नका.”

हेच वाक्य सहा वेळा म्हणावं लागलं. प्रत्येक वेळी ते नव्यानं जड गेलं. यादीच्या खाली रंगाऱ्याचा नंबर होता. तो मात्र मालकांनी लिहिला नव्हता, मामांनीच मागून घेतला होता.

“शिडीच्या कारखान्यातून बोलतोय,” मामा म्हणाले.

“हां, बोला,” रंगाऱ्याचा आवाज ओशाळलेला होता. “अहो, चूक माझीच असणार. सगळे म्हणतात, मी नीट उघडलीच नव्हती. वीस वर्षं शिडीवर काढली, आणि आता हे. बायकोलाही तोंड दाखवायची लाज वाटते.”

मामांनी डोळे मिटले.

“तुम्ही नीट उघडली होती,” ते म्हणाले. “ऐका. मी सांगतो काय झालं ते.”