नाव घे ना, बापू

आमच्या मलकापूरच्या मंगल कार्यालयात पाऊल ठेवलं की माणसाला आधी भूक लागते. आजवर तिथे आम्ही फक्त लग्नं जेवलो आहोत. त्यामुळे त्या रविवारी तिथे विचारांचं संमेलन भरलं, तेव्हा अर्ध्या लोकांनी दारातच विचारलं, पंगत केव्हा बसते. दारावर उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुली हसून सांगत होत्या की आज जेवण नाही, चहा आहे. लोक जरा खट्टू होऊन आत जात होते, पण जात होते.

हे सगळं घडवून आणलं होतं गावातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी. दातांच्या डॉक्टर. पुण्यात शिकताना त्यांनी असलं संमेलन पाहिलं होतं आणि तेव्हापासून ते त्यांच्या डोक्यात बसलं होतं. दीपप्रज्वलन नाही, शाल-श्रीफळ नाही, प्रमुख पाहुणे नाहीत. वक्त्याने मंचावरच्या गोल गालिच्यावर येऊन उभं राहायचं, स्वतःचं नाव स्वतः सांगायचं आणि पंधरा मिनिटांत आपली गोष्ट संपवायची. समोर खाली एक घड्याळ, त्यात लाल आकडे उलटे पळणार. सूत्रसंचालक नाही. म्हणजे मी नाही. गावात कुणाचाही सत्कार असो की शोकसभा, माइकपाशी मराठीच्या बाई म्हणून गेली कित्येक वर्षं मीच उभी असते. तेव्हा माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, हे लपवण्यात अर्थ नाही.

पण खरा राग त्या नाव सांगण्याच्या नियमाचा होता. कारण वक्त्यांमध्ये माझा दादा होता.

माझा दादा नांदुऱ्याला असतो. त्याचा लाउडस्पीकरचा धंदा आहे. लग्न, सभा, सप्ताह, निवडणूक, कुठेही जा, भोंगा त्याचाच. आणि हा माणूस जन्मापासून अडखळत बोलतो. पहिलं अक्षर त्याच्या ओठांवर येऊन बसतं आणि खाली उतरायला तयार होत नाही. मान ताठ होते, डोळे मिटतात. सगळे माइकवाले हॅलो हॅलो करून माइक तपासतात. हा नुसता बोटाने टकटक करतो आणि फुंकर मारतो. आमच्या भागात टकटक आणि फूं ऐकू आलं की लोक म्हणतात, आले भाऊ.

आमच्याकडची माणसं मायाळू आहेत, पण एक खोड आहे. समोरच्याचं वाक्य अर्धं राहिलेलं आमच्याच्यानं बघवत नाही. बोलणारा जरा थांबला की ऐकणारा ते पूर्ण करून टाकतो. त्यात मदत असते, आपुलकी असते. दादाची तर किती वाक्यं किती जणांनी पूर्ण केली असतील, देव जाणे. किराणा दुकानदार करायचा, कंडक्टर करायचा, आई करायची, आणि सगळ्यात जास्त मी. मी त्याची धाकटी बहीण. शाळेत नवे गुरुजी आले की मधल्या सुट्टीत मला बोलावून विचारायचे, तुझ्या भावाचं नाव काय.

कारण बाकी सगळे शब्द कसेबसे निघायचे, पण स्वतःचं नाव कधीच नाही. पाणी अडलं तर तो जल म्हणायचा, भाकर अडली तर पोळी मागायचा. नावाला दुसरा शब्द कुठून आणणार? फोन उचलला की तो फक्त 'बोला' म्हणतो. कुणी समोरासमोर नाव विचारलं तर भोंग्याकडे बोट दाखवतो. भोंग्यावर ते लाल ऑइलपेंटने मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे.

गंमत म्हणजे बायकोचं नाव त्याला येतं. उंद्रीला त्याचं लग्न लागलं तेव्हा बायकांनी त्याला घेरलं आणि नाव घ्यायला लावलं. मी घाबरून मध्ये पडणार, तेवढ्यात हा पठ्ठ्या सुरात, लयीत, एका दमात उखाणा घेऊन मोकळा झाला. वहिनीच्या माहेरच्या बायकांना वाटलं नवरदेव इतका वेळ सोंग करत होता. तेव्हापासून घरात कुठलंही कार्य असलं की दादाला नाव घ्यायला लावतात आणि तोही हौसेने घेतो. चालीवर शब्द सुटतात त्याचे. साध्या बोलण्यात पुन्हा गाडी अडली ती अडलीच.

डॉक्टरीणबाई त्याच्याकडे गेल्या होत्या साउंड ठरवायला. जाता जाता त्यांनी विचारलं, इतकी वर्षं लोकांचं ऐकलंत, काय ऐकलंत? दादाने उत्तर दिलं. त्याला बराच वेळ लागला. त्या दुकानातल्या स्टुलावर बसून राहिल्या, मध्ये एक शब्दही बोलल्या नाहीत, आणि शेवटी म्हणाल्या, हेच तुम्ही स्टेजवर सांगा. तो हो म्हणाला. मला हे कळलं तेव्हा मी तडक दवाखाना गाठला आणि बाईंना सांगितलं की त्याचं नाव मी सांगीन, पुढचं तो बोलेल. त्यांनी लगेच मान्य केलं. दादाने केलं नाही. फोनवर त्याने मला एवढंच सांगितलं, थांबत थांबत, पण पूर्ण.

"मीच सांगीन. आन् तू समोर बसू नको. तुह्ये ओठ हालतात."

म्हणून मी त्या दिवशी सगळ्यात मागे, साउंडच्या टेबलापाशी वहिनीशेजारी बसले होते. मशीनवर वहिनी होती. लग्नानंतर ती सगळं शिकली. आता दादापेक्षा तिचा हात हलका आहे. तिच्या कानांना हेडफोन होते आणि चेहरा नेहमीसारखा शांत. मी मात्र पदराचं टोक मुठीत धरून बसले होते. आज जर तो नावाशीच अडला आणि खाली उतरला, तर पुन्हा कुठेच तोंड उघडणार नाही, हे मला आणि तिला दोघींनाही ठाऊक होतं.

आधीचे वक्ते ऐकताना मात्र माझा तोरा हळूहळू उतरत गेला. लोणारच्या पाण्यावर काम करणारी एक मुलगी आली. त्या खाऱ्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव कसे सुखाने राहतात, हे ती असं सांगत होती की जणू शेजारच्या घरातली माणसं. लोणारला मी शाळेच्या सहली घेऊन किती वेळा गेले असेन. पाण्याकडे नाक मुरडून पोरांना रांगेत उभं करण्यापलीकडे मी तिथे काही केलं नव्हतं. मग मालगाडी चालवणारी एक बाई आली. रात्रीच्या रुळांवर आपण एकट्या असतो आणि मागे अख्खी गाडी झोपल्यासारखी येत असते, असं ती म्हणाली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आपल्याच आसपास, आपल्याच बसमध्ये बसणारी ही माणसं. मी थक्क होऊन ऐकत होते आणि मनात म्हणत होते, बरं झालं मी माइकवर नाही. मी असते तर मध्ये चारोळ्या म्हणत बसले असते.

मग दादा आला. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. गालिच्यावर उभा राहिला, सवयीने माइकवर बोट टकटकवलं, फुंकर मारली. लोकांनी ओळखलं आणि हसून टाळ्या वाजवल्या. घड्याळ सुरू झालं. त्याने तोंड उघडलं आणि पहिलं अक्षर ओठांवर येऊन बसलं.

मान ताठ झाली. डोळे मिटले. सभागृहात पंख्यांचा आवाज येऊ लागला. लाल आकडे पळत होते. भोंग्यावरचं ते नाव तिथल्या प्रत्येकाला पाठ होतं, कुणीही म्हणून टाकलं असतं. माझे ओठ हलायला लागले तसे मी त्यांच्यावर पदर दाबून धरला.

आणि तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला. लोणारवाल्या मुलीची आजी असावी. कानाने जरा अधू, त्यामुळे बोलणं मोठ्याने. त्या बिचारीने काय पाहिलं? मंगल कार्यालय, फुलांच्या माळा, समोर इस्त्रीच्या शर्टातला पुरुष, आणि त्याच्या तोंडून नाव निघत नाही. याचा तिच्या आयुष्यात एकच अर्थ होता.

"घे ना बापू नाव," ती म्हणाली. "लाजून काऊन राह्यला?"

सगळं सभागृह हसत सुटलं. मला वाटलं, संपलं. मी रागाने उठलेच होते, त्या आजीची चांगली हजेरी घेणार होते. वहिनीने डोळे मशीनवरच ठेवून माझं मनगट धरलं आणि मला खाली बसवलं.

कारण मंचावर दादाही हसत होता. पोट धरून हसत होता. हसू ओसरलं, त्याने डोळे पुसले आणि आजीकडे पाहून सावकाश बोलला.

"बायकोचं येते मले, मावशी. माह्यं येत नाही."

लाउडस्पीकरवाल्या भाऊंना स्वतःचं नाव घेता येत नाही, ही गोष्ट त्या दोनशे-तीनशे माणसांना त्या क्षणी पहिल्यांदा कळली. दादा म्हणाला, नाव शेवटी घेतो, आधी माझं ऐका.

आणि तो बोलला. अडखळत, थांबत, डोळे मिटत. त्याने सांगितलं की मशीनवर हेडफोन लावून बसलं की शब्दाच्या आधीचा श्वास ऐकू येतो. समोरच्या लोकांना तो कधीच ऐकू येत नाही, मशीनवरच्याला येतो. पुढारी असो, नवरीचा बाप असो की महाराज असोत, पहिल्या शब्दाआधी सगळ्यांचा श्वास तसाच अडतो. भीती सगळ्यांची एकच. माझी जरा लांब आहे, एवढंच, असं तो म्हणाला. मग त्याने एका शोकसभेची गोष्ट सांगितली. तरुण लेक गेलेला एक बाप माइकपाशी आला होता, उभा राहिला होता आणि काही न बोलता खाली उतरला होता.

"लोक म्हणे, काहीच बोलले नाही," दादा म्हणाला. "म्या ऐकलं ना पण. माह्या कानात व्हतं ते."

माझ्या शेजारी वहिनीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिचा हात बटणावर तसाच स्थिर होता. मला तेव्हा कुठे कळलं की ही बाई कितीतरी वर्षं त्याचं बोलणं हेडफोनशिवाय अशीच ऐकत आली आहे.

घड्याळ कधीच शून्यावर येऊन लुकलुकायला लागलं होतं. डॉक्टरीणबाई पुढे आल्या, वाकल्या आणि त्यांनी ते उलटं करून ठेवलं. दादाने त्यांच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे, मागे. आणि म्हणाला, आता घेतो.

मला वाटलं, उखाणा रचून आणला असेल. चालीवर म्हणेल आणि सुटेल. त्याने चाल लावली नाही. साध्या बोलण्यात घ्यायला निघाला. पहिलं अक्षर आलं आणि बसलं. मान ताठ. पुन्हा तेच अक्षर, पुन्हा तेच. आणि मी जे पाहिलं ते मला अजून खरं वाटत नाही. वाक्य अर्धं राहिलेलं ज्यांना सोसत नाही, अशा आमच्या वऱ्हाडी माणसांनी भरलेलं ते सभागृह गप्प होतं. नाव सगळ्यांच्या जिभेवर होतं आणि एकानेही ते त्याच्या हाती ठेवलं नाही. ती आजीसुद्धा पुढे वाकून, हनुवटीखाली हात धरून वाट बघत होती. मी पदर सोडला. माझे ओठ हलत नव्हते.

मग त्याने नाव घेतलं. पूर्ण. स्वतःचं, वडिलांचं, आडनावासकट.

टाळ्या लगेच वाजल्या नाहीत. आधी आजीचा आवाज आला, "घेतलं बाई," आणि मग जे छप्पर दणाणलं ते वहिनीला हेडफोन काढून ठेवावे लागेपर्यंत.

ते नाव मी इथे लिहीत नाही. आयुष्यभर विचारेल त्याला ते मीच सांगत आले. आता कुणाला हवं असेल तर त्याने नांदुऱ्याला जाऊन दादालाच विचारावं. फक्त जरा वेळ काढून जावं.