मिनिटाला आठ बरण्या

उज्वलाच्या ठेच्याला नाशिक रोडपासून पार देवळ्यापर्यंत मागणी होती आणि बरण्या भरायला हात होता एकट्या सासूचा. सगुणाबाई पळीने भरायच्या. सुनेने भरली की कड बरबटते, हे त्यांचं ठाम मत! पण दिवाळीपासून त्यांचं मनगट टम्म सुजलं होतं. डॉक्टरांनी हाताला विश्रांती सांगितली, म्हणून उज्वला अंबडच्या कारखान्यांत बरण्या भरायचं मशीन बघायला निघाली. एकदा घेतलेलं मशीन कोणी परत घेत नाही, त्यामुळे चुकून चालणार नव्हतं.

आणि निघतानाच तिने आगाऊपणा केला. पाहुणे मुलगी बघायला येणार म्हटल्यावर घर आवरतात, तसा तिने ठेचा आवरला. मिक्सरमधून बारीक काढला, वरून वाटीभर तेल ओतलं. चारचौघांत आपल्या ठेच्याने मशीन अडलं तर केवढी शोभा!

मशीनवाल्या ज्ञानेशने दोन मशीनं दाखवली. एक बारीक नळीचं, चपळ. दुसरं पिस्टनचं, रुंद तोंडाचं आणि धिमं. चपळ मशीनने तो आवरलेला ठेचा मिनिटाला तीस बरण्या असा सटासट भरला. उज्वला हरखली. "हेच द्या," म्हणाली.

नशीब, ऑर्डर पक्की करण्याआधी तिने एक बरणी घरी नेली. सगुणाबाईंनी बोट बुडवून चाखलं आणि तोंड वाकडं केलं.

"हा आपला ठेचा नाय. दाताखाली काहीच येत नाय."

"मशीनसाठी जरा बारीक केला, आई."

"मशीनची एवढी बडदास्त? उद्या खरा ठेचा घे. मी बी येते."

दुसऱ्या दिवशी लसणाचे तुकडे आणि शेंगदाण्याची भरड असलेला खरा ठेचा त्याच चपळ मशीनमध्ये ओतला. तिसऱ्याच बरणीला नळी तुंबली, नुसतं तेल ठिबकू लागलं. उज्वलाचे कान गरम झाले. कालची करामत तिने सांगून टाकली.

ज्ञानेश हसला. "बरेच जण असंच करतात, ताई. मग घरी मशीन अडकलं की मला फोन."

पिस्टनच्या मशीनमधून लसूण अख्खा बाहेर आला. सगुणाबाईंनी चाखून मान डोलावली. उज्वलाचं तोंड मात्र उतरलेलंच.

"मिनिटाला आठच?"

"आठ काय कमी हाय?" मनगट चोळत सगुणाबाई म्हणाल्या. "मला एका बरणीला मिनिटभर लागायचं."

किती बरण्या खपल्या, हे उज्वला सहा वर्षं गावभर सांगत आली होती. एक भरायला किती वेळ लागतो, हे तिने सासूला एकदाही विचारलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली, डोळे भरून आले. तिने तो सुजलेला हात आपल्या हातात घेतला.

"हेच द्या," ती ज्ञानेशला म्हणाली. "आणि आजच पाठवा."