उपाशी पोटी खेळलेली मॅच

रिसाली कॉलनीच्या ग्रुपवाल्यांनो, दवाखान्यात बसून लिहून राहिली.

आमच्या यायले, माझ्या नवऱ्याले, शुगर आहे. डॉक्टरनंच सांगितलं होतं, खेळत जा. आज नाइट शिफ्ट करून हे सरळ व्हॉलीबॉलच्या मॅचले गेले. मी डबा घेऊन मागं गेली, तर म्हणे, "गोळी घेतली ना! भरल्या पोटी उडी मारता येत नाही. मॅच झाल्यावर खातो."

बॉलमागं झेपावले अन् पडले. बॉल उचलला म्हणून सारे टाळ्या वाजवून राहिले. हे उठलेच नाही.

डॉक्टर म्हणते, गोळी घेऊन उपाशी खेळले, शुगर एकदम खाली गेली. अजून डोळे उघडले नाही.

डबा माझ्या मांडीवर तसाच आहे. तुमच्या घरचं कोणी मैदानावर असंल, तर आत्ता फोन करून विचारा न, काही खाल्लं का?