चंदगडला न जाणारी मोटार

दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान, जाऊन आता महिना होत आला. शेवटच्या भेटीत ते अंथरुणाला खिळलेले होते. मी आत पाऊल टाकताच म्हणाले, "यष्टीनं आलास न्हवं? बसाय जागा घावली?" हो म्हटल्यावर त्यांनी समाधानानं डोळे मिटले... आमच्या गावाहून, चंदगडहून येणाऱ्या प्रत्येकाला ते हेच विचारत.

सत्तरच्या दशकात दाजींचं कोल्हापुरात कापडाचं दुकान होतं आणि दारात एक जुनी काळी मोटार. गल्लीत मोटार असलेलं ते एकच घर, आणि त्यामुळेच अक्काची पंचाईत झाली. मोटारवाल्याची बायको पिशवी घेऊन यष्टीच्या गर्दीत उभी राहिली तर लोक काय म्हणतील, असं दाजींचं म्हणणं. म्हणजे माहेरी जायचं तर मोटारीनंच. आणि मोटार नेमकी त्याच दिवशी रुसायची! अक्का ठेवणीतलं लुगडं नेसून, लाडवांचा डबा मांडीवर घेऊन आत बसलेली, शेजारपाजारचे दारात उभे, दाजी किल्ली फिरवताहेत आणि गाडी ढिम्म. मग अक्का मुकाट्यानं उतरून घरात जायची, डबा फडताळात ठेवायची. मला ती मोटार म्हणजे चाकांवरचा पिंजरा वाटे.

मिस्त्री गौसभाई येईपर्यंत गाडी शहाण्यासारखी चालू झालेली असे. त्यांनी बॅटरी बदलली, सेल्फ-स्टार्टर उतरवून साफ केला, वायरिंग पालथं घातलं. शेवटी वैतागून म्हणाले, "शेट, हिला कायबी झालेलं न्हाय. माझी पाठ फिरली की मरतीया, मी आलो की उठून बसतीया!" इचलकरंजीला माल आणायला जाताना मात्र ती एकदाही अडली नाही. हे कुणाच्या ध्यानात कसं आलं नाही, कोण जाणे.

मग आमची आई आजारी पडली. तिनं अक्काचा ध्यास घेतला, म्हणून मी न्यायला आलो. सगळे गाडीत बसलो. दाजींनी किल्ली फिरवली... काही नाही. "बॅटरी बसली जणू," ते पुटपुटले. कपाळावर घाम. अक्का उतरली, पण या वेळी घरात गेली नाही. तिनं सीटखालचा पाना घेतला, बॉनेट उघडलं आणि बॅटरीची सैल केलेली तार आवळली.

"करा चालू."

पहिल्याच सेल्फला इंजिन घुरघुरलं. दाजींची मान खाली. माझं डोकंच फिरलं. म्हणजे इतकी वर्षं हे स्वतःच...! पण मी तोंड उघडायच्या आत अक्का मला म्हणाली, "तू गप. लगीन झाल्यावर पयल्याच खेपेला आजऱ्याच्या म्होरं घाटात गाडी घसरून दरीच्या काठाला थांबली हुती. तवापास्नं वळणाचं नाव काढलं की ह्यांचं हात कापत्यात. ते सांगायचं न्हाईत, मी इचारायची न्हाय." मग दाजींकडे वळली. "मला ष्ट्यांडावर सोडा."

"लोकं हसतील."

"हसू द्यात की!"

मला राग आला होता, आजही येतो. माहेरपणाची ती वर्षं कोण परत देणार? पण ष्टँडवर यष्टी लागली तसे दाजी, गल्लीतले मोटारवाले शेट, कोपरानं वाट काढत गर्दीत घुसले आणि खिडकीतून आपला पांढरा रुमाल टाकून त्यांनी अक्कासाठी जागा धरली. आईची भेट झाली. ती गेली तेव्हा तिचं डोकं अक्काच्या मांडीवर होतं. त्यानंतर अक्का कितीदा तरी चंदगडला आली, आणि दर खेपेला तो रुमाल आधी यष्टीत जाई.

गेल्या आठवड्यात अक्काला चार दिवस घरी न्यायला गेलो. अंगणातली मोटार सहज चालू करून पाहिली, लगेच झाली. म्हटलं, "चल, मी चालवतो." अक्का म्हणाली, "नगं. यष्टीनंच जाऊ."

ष्टँडवर आलो. चंदगडची गाडी लागली, गर्दी दाराशी उसळली. आम्ही दोघं मात्र पिशव्या घेऊन होतो तिथंच उभे राहिलो... सवयीनं. गाडी भरली तरी जागा धरायला कुणी पुढं गेलंच नाही.